स्टेंटला पैसे आहेत, गोळीला नाहीत



महात्मा जोतीराव फुल्यांच्या नावाने या राज्यात एक आरोग्य योजना चालते. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली तर या योजनेतून अँजिओप्लास्टी होते, स्टेंट बसतो, बायपासही होते. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. आमच्या वस्त्यांतली कितीतरी माणसे या योजनेमुळे ऑपरेशन टेबलावरून जिवंत परत आली, हे आम्ही नाकारत नाही. पण तोच माणूस घरी येतो, त्याचे हृदय अशक्त झालेले असते आणि त्याला रोज एक गोळी लागते, जिची किंमत आज दिवसाला दहा रुपयांच्या आसपास आली आहे. काही शस्त्रक्रियांनंतरचा ठरावीक मुदतीचा पाठपुरावा सोडला, तर योजना दाखल झालेल्या रुग्णाची आहे. घरी बसून घ्यायच्या गोळीशी तिचा संबंध नाही.

म्हणजे सरकार आपल्या माणसावर लाखभर रुपये खर्च करायला तयार आहे, पण तो मरायला टेकल्यावर. तो मरायला टेकू नये म्हणून महिन्याला तीनशे रुपये द्यायला तयार नाही. या लाखातला मोठा वाटा खासगी रुग्णालयांकडे जातो आणि गोळीच्या तीनशे रुपयांतून कुणाच्याच हाती फारसे काही लागत नाही, एवढे सांगितले की आमच्या वाचकांना पुढचे समजावे लागत नाही.

गोळी कोणती, ते आधी सांगतो. मधुमेहाची आहे. आणि इथेच आपल्या लोकांचा गोंधळ सुरू होतो. 'मला शुगर नाही, मग शुगरची गोळी कशाला?' असे विचारून चिठ्ठी खिशात ठेवणारे लोक आम्हाला दर महिन्याला भेटतात. त्यांना हसू नका. प्रश्न अगदी योग्य आहे, फक्त त्याचे उत्तर त्यांना कुणी दिलेले नसते.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदयाचा पंप कमजोर होतो किंवा कडक होतो, शरीरात पाणी साचते. पायाला सूज येते, जिना चढताना धाप लागते, रात्री आडवे झाले की श्वास कोंडतो आणि माणूस दोन उशा लावून, शेवटी भिंतीला टेकून बसून झोपतो. वस्तीत याला कुणी हार्ट फेल्युअर म्हणत नाही. 'दमा झालाय', 'अंगावर सूज आलीय', 'वय झालं' असे म्हणतात. आयुष्यभर गटारे साफ करणाऱ्याला, विडी ओढणाऱ्याला, चुलीच्या धुरात बसलेल्या बाईला दमा असणारच, असे डॉक्टरही गृहीत धरतात. इको तपासणी जिल्ह्याच्या गावाला, तीही तारीख मिळेल तेव्हा. मग निदानाआधीच माणूस जातो आणि आपण दु:खद निधनाचा बोर्ड लावतो: 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने'.

मधुमेह आणि अशक्त हृदय ही जोडी फार जुनी आहे. पण शुगर कमी करणारी प्रत्येक गोळी हृदयाला मानवतेच असे नाही. ग्लिटाझोन नावाच्या गटातली औषधे शुगर उतरवतात आणि त्याच वेळी शरीरात मीठ-पाणी साठवतात. ज्याचे हृदय आधीच थकले आहे, त्याच्यासाठी हे म्हणजे भरल्या गाडीवर आणखी दोन पोती टाकण्यासारखे आहे. त्यातले रोझिग्लिटाझोन भारतात २०१० साली बंद झाले. पायोग्लिटाझोनवर केंद्र सरकारने जून २०१३ मध्ये बंदी घातली आणि दीडेक महिन्यात, जुलै संपता संपता, उठवली. धोक्याची सूचना चौकटीत छापण्याची अट घातली गेली. ती चौकट इंग्रजीत असते, बारीक अक्षरात असते आणि आपल्या माणसाला औषध मिळते ते पत्ता कापून, पाच-पाच गोळ्यांचे.

पायोग्लिटाझोन स्वस्त आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांच्यासोबत 'तीन औषधांची एक गोळी' म्हणून ते आजही सर्रास लिहिले जाते. दहा मिनिटांत चाळीस रुग्ण तपासणाऱ्या दवाखान्यात 'पायाला सूज येते का, धाप लागते का' हे कोण विचारणार? बरे, ही गोळी प्रत्येकाला वाईटच असे आम्ही म्हणत नाही. काही रुग्णांना तिचा उपयोग होतो. पण हृदय अशक्त असलेल्याला ती देऊ नये, हे वैद्यकशास्त्रात वादाचे राहिलेले नाही. आपल्या घरात ज्यांना मधुमेह आहे आणि पायाला सूज आहे, त्यांच्या पत्त्यावरची नावे आज रात्री वाचा. पायोग्लिटाझोन दिसले तर गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांसमोर पत्ता ठेवून विचारा. विचारणे हा उद्धटपणा नाही.

आता दुसरी बाजू. रोझिग्लिटाझोनने हृदयविकाराचे झटके वाढतात अशी शंका २००७ मध्ये जाहीरपणे मांडली गेली, तेव्हा अमेरिकेच्या औषध नियामकावर टीकेची झोड उठली. २००८ अखेरीस त्याने नियम केला: मधुमेहाचे नवे औषध आणायचे तर ते हृदयाला घातक नाही हे मोठ्या चाचणीने दाखवा. कंपन्यांनी कुरकुर केली. पण या सक्तीच्या चाचण्यांतूनच २०१३ मध्ये कळले की सॅक्साग्लिप्टिनमुळे हार्ट फेल्युअरने दाखल व्हायचे प्रमाण वाढते. आणि २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या सात हजार रुग्णांच्या चाचणीत उलटेच दिसले. हृदय अशक्त होऊन दाखल होण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटले. औषध घातक नाही एवढेच सिद्ध करायला निघालेल्यांच्या हाती हृदयाचे औषध लागले.

आमच्या ज्या मित्रांना वाटते की सरकारी नियंत्रण आले की प्रगती थांबते, बाजाराला मोकळे सोडा म्हणजे सगळे नीट होते, त्यांनी हा इतिहास वाचावा. हा शोध बाजाराच्या मोकळेपणातून लागलेला नाही. तो नियामकाने कान पिळल्यामुळे लागला.

ही ग्लिफ्लोझिन औषधे मूत्रपिंडात काम करतात. मूत्रपिंड रक्त गाळते, पण गाळलेली साखर आणि तिच्यासोबतचे मीठ परत आत ओढून घेते. ही गोळी ते परत ओढणे अडवते. साखर आणि मीठ लघवीवाटे बाहेर जाते, पाण्याचा भार हलका होतो. हृदयाला फायदा नेमका कशाकशाने होतो यावर अजून अभ्यास चालू आहेत. पण फायदा साखरेवर अवलंबून नाही, हे २०१९ मध्ये पक्के झाले. डापाग्लिफ्लोझिनची चाचणी हृदय अशक्त झालेल्या ४,७४४ रुग्णांवर झाली, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना मधुमेह नव्हताच. दीड वर्षाच्या काळात नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या शंभरातल्या २१ जणांचा आजार बळावला किंवा हृदयविकाराने मृत्यू झाला. खरी गोळी घेणाऱ्यांत हा आकडा १६ होता. मधुमेह असो वा नसो, फायदा सारखाच. पंप कमजोर नसून कडक झालेल्या रुग्णांनाही या गटाचा उपयोग होतो, हे २०२१ आणि २०२२ च्या चाचण्यांनी दाखवले. 'मला शुगर नाही, मग गोळी कशाला' याचे उत्तर हे आहे.

त्या २०१९ च्या चाचणीत भारतातले रुग्णही होते. इथल्या माणसांच्या शरीरावर औषध तपासले गेले, हे लक्षात ठेवा.

किमतीचे काय झाले? डापाग्लिफ्लोझिनचे मूळ पेटंट भारतात ऑक्टोबर २०२० मध्ये संपले. पण अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीकडे त्याच औषधावर दुसरेही पेटंट होते, मे २०२३ पर्यंतचे. एकाच गोळीवर दोन कुंपणे. भारतीय कंपन्यांनी स्वस्त गोळी बाजारात आणली तेव्हा ती रोखण्यासाठी कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायालयाने मनाई द्यायला नकार दिला आणि जुलै २०२१ मध्ये खंडपीठानेही अपील फेटाळले. एका शोधाला एकच पेटंट, हा मुद्दा तिथे कळीचा ठरला. एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले आणि साठ रुपयांच्या आसपास असलेली गोळी काही दिवसांत अनेक कंपन्यांकडून दहा-पंधरा रुपयांना, काहींकडून त्याहूनही कमी दरात मिळू लागली. मार्चच्या आधी ती साठ रुपयांची होती ती बनवायला महाग म्हणून नव्हे, एवढे यातून उघड झाले.

तेव्हा 'औषध महाग आहे, सरकारला परवडत नाही' ही सबब आता संपली. मग ते आपल्या दवाखान्यात का दिसत नाही?

कारण याद्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच हा गट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतला. भारताची राष्ट्रीय यादी त्यानंतर, सप्टेंबर २०२२ मध्ये आली. त्यात मधुमेहासाठी टेनेलिग्लिप्टिन आले, इन्सुलिन ग्लार्जिन आले. ग्लिफ्लोझिन एकही आले नाही, आणि तोपर्यंत डापाग्लिफ्लोझिन स्वस्तही झालेले होते. यादीत औषध आले की केंद्राला त्याच्या कमाल किमतीवर मर्यादा घालता येते आणि राज्याच्या खरेदीलाही दिशा मिळते. यादीत नाही, तर खालच्या माणसाला 'वरून येत नाही' म्हणायची सोय होते. जनऔषधी केंद्रांच्या यादीत डापाग्लिफ्लोझिन आहे, हे खरे. पण जनऔषधी म्हणजे स्वस्त दुकान. तिथेही पैसे रुग्णानेच मोजायचे, आणि तालुक्याच्या दुकानात 'पुढच्या आठवड्यात या' हे उत्तर आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की आता मोजत नाही.

ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. केसपेपरचे पैसे लागत नाहीत. पण मोफत काय, तर जे आहे ते. जे नाही त्याची चिठ्ठी बाहेरची मिळते. राज्याची औषध खरेदी २०१७ मध्ये हाफकिनकडे गेली, २०२३ मध्ये तिच्यासाठी वेगळे प्राधिकरण निघाले. खाते बदलले, पाटी बदलली. तमिळनाडूने औषध खरेदीसाठी १९९४ मध्येच स्वतंत्र महामंडळ उभे केले आणि ऑगस्ट २०२१ पासून मधुमेह आणि रक्तदाबाची औषधे लोकांच्या घरी पोचवायला सुरुवात केली. राजस्थानने २०११ मध्ये मोफत औषध योजना आणली. स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्राला हे का जमू नये?

आणि एक गोष्ट जी आपल्या चर्चेत कधीच येत नाही. रोजची गोळी सरकारकडून मिळणारे लोक या देशात आहेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला आणि पेन्शनरला सीजीएचएसच्या दवाखान्यातून बाह्यरुग्ण म्हणून महिन्याची औषधे मिळतात. कामगार विमा योजनेत नोंद असलेल्या कामगारालाही मिळतात. कामगार विम्याची आखणी करण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे १९४३ मध्ये सोपवले गेले, तेव्हा व्हॉइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री कोण होते हे आमच्या वाचकांना सांगायला नको. कायदा १९४८ साली झाला. बाबासाहेब स्वतः मधुमेहाने पोखरले गेले होते. घरात डॉक्टर असलेल्या माईसाहेब होत्या तरी तो आजार त्यांना किती छळत होता, हे त्यांच्या शेवटच्या वर्षांबद्दल वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

म्हणून खासगीकरण आणि कंत्राटीकरण हा फक्त आरक्षणाचा प्रश्न नाही. बापाला महापालिकेची कायम नोकरी होती, त्याच्या औषधाची काही ना काही सोय होती. मुलगा त्याच झाडूवर, त्याच रस्त्यावर, ठेकेदाराकडे आहे. त्याचा विम्याचा हप्ता पगारातून कापला जातो आणि पुढे भरला जातो की नाही हे त्याला माहीत नसते. नोकरीबरोबर गोळीही गेली. हे आपण मोर्चाच्या पत्रकात एकदा तरी लिहिले आहे का?

'औषध नसल्यामुळे माणसे मरतात, याला पुरावा काय?' असे विचारणाऱ्यांसाठी सांगतो. तिरुवनंतपुरममध्ये २०१३ साली हार्ट फेल्युअरने दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद ठेवली गेली. सरासरी वय ६१. तीन वर्षांनी त्यातले जवळपास ४५ टक्के लोक मरण पावले होते. मृत्यूचा धोका कुणाला जास्त होता? वय जास्त, हृदय व मूत्रपिंड जास्त बिघडलेले, हे अपेक्षितच. पण त्याच यादीत आणखी दोन कारणे होती: शिक्षण कमी आणि औषधोपचार अपुरे. हे केरळचे आहे, जिथली सार्वजनिक आरोग्यव्यवस्था आपल्यापेक्षा बरी मानली जाते. शिक्षण कमी म्हणजे नुसती अक्षरओळख कमी नव्हे. त्यामागे काय असते, कोणत्या वस्त्या असतात, हे समाजशास्त्र शिकलेल्यालाच कळते असे नाही, वस्तीत राहणाऱ्यालाही कळते. शिक्षण विचारले म्हणून ते दिसले. जात विचारली असती तर आणखी काय दिसले असते? जातनिहाय जनगणनेची मागणी करताना आरोग्याच्या नोंदीतही हा रकाना मागितला पाहिजे.

आता आमच्या शिकलेल्या मित्रांकडून येणारा आक्षेप. 'तुम्ही कंपन्यांचा माल खपवता. आधी लोकांना चालायला सांगा, मीठ-तेल कमी करायला सांगा.' चालायला? पहाटे पाचपासून झाडू मारणारी बाई दिवसाला किती चालते ते मोजा. रेशनच्या तांदळावर, खारवलेल्या बोंबलावर आणि वडापाववर दिवस काढणाऱ्याला सॅलडचा तक्ता देणे म्हणजे रोगाचा दोष रोग्यावर टाकणे. आपल्या दारिद्र्याला आपलेच पूर्वकर्म कारणीभूत, असे सांगणारी विचारसरणी आपण ओळखतो. हे तिचेच नवे, ट्रॅकसूट घातलेले रूप आहे. पथ्य हवेच, पण ते गोळीच्या बदल्यात नाही. आणि आम्ही कुठल्याही कंपनीचे नाव मागत नाही. मूळ नावाचे औषध, सरकारी खरेदीने, मोफत, एवढेच मागतो.

पण गोळी मिळाली की काम संपले असे मानणारा कार्यकर्ता घात करील, म्हणून हेही लिहितो. या गोळीने लघवी वाढते. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला पाणी काढणारी दुसरी गोळीही बहुधा असतेच. शेतात खुरपणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, रस्ता झाडणाऱ्या बाईला दिवसभर शौचालय नसते. ती काय करते? कामाच्या दिवशी 'लघवीची गोळी' घेत नाही. किंवा पाणीच पीत नाही. डॉक्टर कागदावर लिहितात, 'रुग्ण औषध नियमित घेत नाही'. शिवाय लघवीतून साखर जात असल्याने जननेंद्रियाला बुरशीचा संसर्ग होण्याचा धोका वाढतो, स्त्रियांना जास्त. स्वच्छ पाणी आणि आडोसा असेल तर तो बहुतेक वेळा टाळता येतो, झाला तर साध्या औषधाने बरा होतो. नसेल तर ती लाजेने कुणाला सांगत नाही आणि गोळी सोडून देते. चवदार तळ्याच्या लेकींना आजही पाण्यावरून आजार होतो. गोळीची मागणी करताना कामाच्या जागी शौचालयाची आणि पाण्याची मागणी त्याच अर्जात लिहावी लागेल.

आणखी एक धोका कमी वेळा होतो, पण जिवावरचा आहे. पोटात अन्न नाही, उलट्या-जुलाब सुरू आहेत, कडक उपवास आहे किंवा ऑपरेशन होणार आहे, अशा वेळी ही गोळी चालू ठेवली तर रक्तात आम्ल वाढू शकते, आणि तेव्हा शुगर फारशी वाढलेली नसल्याने ते पटकन लक्षातही येत नाही. आजारपणात गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचे, ऑपरेशनच्या काही दिवस आधी ती बंद करायची, हे रुग्णाला मराठीत, तोंडी, दोनदा सांगावे लागते. लहान वयातल्या, पूर्णपणे इन्सुलिनवर जगणाऱ्या मधुमेहींसाठी ही गोळी नाही. मूत्रपिंडाची तपासणीही लागते. यातले काहीच अवघड नाही. आरोग्यसेविका आणि आशाताई हे सांगू शकतात, त्यांना तसे शिकवले तर.

आणि आता आपल्याबद्दल. १४ एप्रिलला आपण आरोग्य शिबिरे घेतो. बोटाला टोचून शुगर तपासतो, चिठ्ठीवर आकडा लिहितो, 'वाढलीय, डॉक्टरांना दाखवा' सांगतो आणि संध्याकाळी मिरवणुकीला लागतो. शिबिराचा फोटो निघतो. सहा महिन्यांनी त्या चिठ्ठीचे काय झाले हे विचारायला कुणी जात नाही. दोन डीजेंच्या पैशात एका वस्तीतल्या पंधरा-वीस हृदयरुग्णांची वर्षभराची गोळी येते. हिशेब करून पाहा, आम्ही केला आहे. तरीही वर्गणी काढून गोळ्या वाटा असे आम्ही म्हणणार नाही. ते दान होईल आणि पुढच्या वर्षी बंद पडेल. शिबिरात तीन प्रश्न वाढवा: पायाला सूज येते का, आडवे झाल्यावर धाप लागते का, रात्री किती उशा घेता? ज्यांचे उत्तर होय येईल किंवा उशांचा आकडा दोनच्या वर जाईल, त्यांची यादी करा आणि ती यादी घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा.

तिथे माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. गेल्या बारा महिन्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनची मागणी नोंदवली का? किती गोळ्या आल्या? फुरोसेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन, मेटोप्रोलोल, एनालाप्रिल ही हृदयाची जुनी, स्वस्त औषधे किती दिवस शिल्लक नव्हती? (पुष्कळदा तीही नसतात. नव्या गोळीसाठी भांडताना जुन्या विसरायच्या नाहीत.) पायोग्लिटाझोन असलेल्या गोळ्या किती वाटल्या आणि त्या रुग्णांची हृदयाची तपासणी झाली होती का? रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीची तारीख मागा, समितीवर आपल्या वस्तीतले कोण आहे ते पाहा. कुणी नसेल तर का नाही, तेही त्याच अर्जात विचारा. अर्जाची पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करा, आणि अपिलाची प्रत आमच्याकडे पाठवा. ज्या तालुक्यांतून उत्तरे येतील त्यांची नावे आणि आकडे आम्ही इथेच छापणार आहोत.